श्वास मोजा, उत्तर नंतर द्या



कुवेतमधल्या कोणत्याही मराठी घरी संध्याकाळच्या चहाला जा, दोन-तीन वाक्ये हमखास कानावर पडतात. "आज मुदीरने पुन्हा सगळ्यांसमोर सुनावले." "शटडाऊन संपेपर्यंत सुट्टीचे नाव काढायचे नाही म्हणे." "इकामा रिन्यू व्हायचा आहे, तोवर गप्प बसलेले बरे." मग घरातले कोणी वडीलधारे, बहुधा नुकतेच भारतातून आलेले आजोबा, सल्ला देतात, "अरे, रोज सकाळी प्राणायाम करत जा. मेंदूला भरपूर ऑक्सिजन मिळतो, डोके शांत राहते."

आजोबांचा सल्ला अगदी योग्य आहे. त्यांनी सांगितलेले कारण मात्र बरोबर नाही. कारण चुकीचे धरले की कृतीही चुकते. 'जास्त ऑक्सिजन' मिळवायचा म्हणून माणूस सावकाश श्वास घेण्याऐवजी जोरजोरात घेऊ लागतो, चार दिवसांत चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि 'हे काही आपल्याला झेपत नाही' म्हणून सगळे सोडून देतो. म्हणून या लेखात तीन गोष्टी सांगायच्या आहेत: श्वासाचा उपयोग खरोखर कशामुळे होतो, तो ऑफिसच्या खुर्चीत बसून कसा करून घ्यायचा, आणि त्याच्याकडून कशाची अपेक्षा ठेवायची नाही.

इथला ताण थोडा निराळा

पुण्यात किंवा नाशिकला साहेबाशी बिनसले तर माणूस फार तर दुसरी नोकरी शोधतो. घर तेच राहते, मुलांची शाळा तीच राहते. इथे तसे नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा व्हिसा कलम १८ चा, आणि बायकामुलांचा कलम २२ चा, तो आपल्या व्हिसाला बांधलेला. नोकरी, इकामा, सिव्हिल आयडी, भाड्याचा फ्लॅट, मुलांची शाळा, गाडीचा हप्ता हे सगळे एकाच खुंटीला टांगलेले असते. म्हणून साहेबाच्या एका तिरकस ई-मेलने सालमियातल्या किंवा मंगफमधल्या एखाद्या घराची रात्रीची झोप उडते. आणि म्हणूनच रागाच्या भरात दिलेले एक उत्तर इथे भारतापेक्षा कितीतरी महाग पडू शकते.

त्यात इथला उन्हाळा. कुवेतमध्ये मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने त्या नोंदीवर शिक्कामोर्तबही केले. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करण्यास इथे बंदी असते. डोके तापले की 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणण्याची आपली जुनी सवय. तीही या दिवसांत बंद. वर धुळीचे वादळ आले की खिडकीसुद्धा उघडता येत नाही. तेव्हा चार भिंतींच्या आत, खुर्चीत बसल्या बसल्या, कोणाच्या लक्षात न येता करता येईल असा उपाय हवा. असा उपाय श्वासाखेरीज दुसरा मला तरी माहीत नाही.

शरीरात काय घडते

साहेबाचा आवाज चढला की आपले शरीर त्याला वाघच समजते. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते, श्वास उथळ आणि भराभर होतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला या 'लढा किंवा पळा' तयारीचे वर्णन केले. वाघ समोर असेल तर ही तयारी जीव वाचवते. मीटिंगमध्ये मात्र लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. सगळी तयारी अंगातच जिरवावी लागते.

रसायनशास्त्राच्या माणसाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वेळ. अ‍ॅड्रिनलिन रक्तात फार काळ टिकत नाही. नव्याने भर पडली नाही तर काही मिनिटांत ते ओसरते. त्याच्या मागून येणारे कॉर्टिसॉल अधिक रेंगाळते. निम्मे व्हायलाच त्याला तास-दीड तास लागू शकतो. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. झणझणीत उत्तर ओठांवर असेल तर पाच मिनिटे थांबल्याने खरोखर फरक पडतो, आणि महत्त्वाच्या ई-मेलचे उत्तर जेवणाच्या सुट्टीनंतर दिलेले केव्हाही चांगले.

पण नुसते 'थांबा' म्हणून कोणी थांबत नाही. हृदयाला 'सावकाश चाल' असा हुकूम देता येत नाही, ग्रंथींना 'पुरे आता' असे सांगता येत नाही. या सगळ्या कारभारात श्वास ही एकच गोष्ट अशी आहे, की ती आपली आपण चालते आणि मनात आणले तर आपल्या हुकमातही चालते. बंद खोलीच्या दाराला बाहेरून एकच कडी असावी, तसा हा प्रकार आहे. आपल्या पूर्वजांना ही कडी सापडली होती. ती कशी काम करते हे तपासण्याचे काम मात्र एका मराठी माणसाने लोणावळ्यात सुरू केले.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली गुजरातमधल्या डभोईचा. बडोद्याच्या माणिकरावांकडे ते व्यायाम शिकले, खानदेशात अमळनेरला शिक्षणाचे काम केले, आणि नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. पुढे हेच गुणे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. गुरूंनी सांगितले म्हणून मानायचे, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. योगाच्या क्रियांनी शरीरात नेमके काय होते ते मोजून पाहायचे, असे त्यांनी ठरवले. बडोद्यात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने निरीक्षणे केली. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब कमी होऊन अंशतः निर्वात स्थिती तयार होते, हे पाऱ्याच्या दाबमापकाने दाखवले आणि तिला गुरूंच्या स्मरणार्थ 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनाचे नियतकालिक काढले. स्वामीजी १९६६ साली गेले, पण संस्थेचे काम चालूच आहे. २०२४ साली तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. लोणावळ्याची चिक्की घ्यायला थांबणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचा एक निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. त्या काळीही लोक म्हणत, की प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो. स्वामीजींनी श्वासातील वायूंचे पृथक्करण करून पाहिले आणि प्राणायामाचे महत्त्व जादा ऑक्सिजनमध्ये नाही, असे मांडले. प्राणायामावरचे त्यांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जी समजूत आपण आजही चहाच्या टेबलावर ऐकतो, ती एका योग्यानेच नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी खोडून काढली होती!

अशी तपासणी त्या काळी कशी करत, हे आमच्या धंद्यातले असल्यामुळे थोडक्यात सांगतो. सोडलेला श्वास पिशवीत गोळा करायचा आणि त्यातली मोजकी हवा काचेच्या नळीत घ्यायची. ती कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणातून नेली की कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. आकारमान जेवढे घटले तेवढा तो वायू. उरलेली हवा अल्कलीयुक्त पायरोगॅलॉलमधून नेली की ऑक्सिजन शोषला जातो. पुन्हा आकारमान मोजायचे. साधे, पण नेटके काम.

श्वासाचा जमाखर्च

आता थोडे आकडे पाहू. कंटाळू नका, दुकानातल्या हिशोबापेक्षा हे अवघड नाही.

आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. बाहेर सोडतो त्या हवेत तो सुमारे १६ टक्के असतो. म्हणजे मिळालेल्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश आपण न वापरताच परत करतो. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वासानेही ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय होणार?

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १५ श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासात ५०० मिलिलिटर हवा आत येते असे धरू. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते; फुप्फुसाच्या कामाच्या भागापर्यंत ती पोचत नाही. प्रत्येक श्वासाला द्यावा लागणारा हा जकातीचा भाग समजा. आता चार तऱ्हा पाहा.

साधा श्वास: १५ वेळा ५०० मिलिलिटर. एकूण हवा ७.५ लिटर, कामाची ५.२५ लिटर.

घाबरलेला, उथळ श्वास: ३० वेळा २५० मिलिलिटर. एकूण हवा तेवढीच, ७.५ लिटर. पण कामाची फक्त ३ लिटर! धाप लागल्यासारखे वाटते ते उगाच नाही.

संथ श्वास: ६ वेळा १००० मिलिलिटर. एकूण हवा ६ लिटर, कामाची ५.१ लिटर. म्हणजे साध्या श्वासाइतकेच काम, कमी खटपटीत.

जोराचा, भराभर श्वास: ३० वेळा १००० मिलिलिटर. कामाची हवा २५.५ लिटर, म्हणजे गरजेच्या जवळजवळ पाचपट.

हा चौथा प्रकार 'जास्त ऑक्सिजन' मिळवणाऱ्यांचा. यात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन जातो. आपण त्याला टाकाऊ वायू समजतो. तो तसा नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्टीत ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते. हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ साली दाखवले, की एरवी आपला श्वास किती चालावा हे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो, ऑक्सिजन नव्हे. तो फार घटला की रक्त अधिक अल्कधर्मी होते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून बसते आणि पेशींना सहजासहजी देत नाही. हा परिणाम डेन्मार्कच्या क्रिस्टियान बोर यांनी १९०४ साली आपल्या सहकाऱ्यांसह मांडला. थोडक्यात, मेंदूला ऑक्सिजन मिळावा म्हणून जोरजोरात श्वास घ्यायचा आणि प्रत्यक्षात त्याचा पुरवठा कमी करायचा, असा उलटा व्यवहार होतो.

मग शांत वाटते ते कशामुळे?

याचे श्रेय मेंदूपासून निघून छाती आणि पोटापर्यंत पोचणाऱ्या एका लांब नसेला जाते. तिचे नाव व्हेगस. ही नस म्हणजे हृदयाचा लगाम. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली बेडकाच्या हृदयावर एक सुंदर प्रयोग केला. एका हृदयाची व्हेगस नस उद्दीपित केली, त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचे द्रव घेऊन दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले! म्हणजे नस आपला निरोप रसायनातून देते. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलिन. या कामाबद्दल लोवी यांना १९३६ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपण श्वास आत घेतो तेव्हा हा लगाम किंचित सैल होतो आणि नाडी वाढते. श्वास सोडतो तेव्हा लगाम आवळला जातो आणि नाडी मंदावते. म्हणून सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला, की हृदयाला शांत होण्याचा निरोप अधिक वेळ मिळतो. सगळी मेख इथे आहे.

हे घरी पडताळून पाहता येईल. २०२० साली कोरोनाच्या काळात आपल्यापैकी अनेकांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले होते. ते कपाटातून काढा, सेल बदला आणि स्वस्थ बसून पाच मिनिटे संथ श्वास घ्या. ऑक्सिजनचा आकडा जवळपास जागचा हलणार नाही. नाडीचा आकडा मात्र श्वासाबरोबर वर-खाली होताना बहुतेकांना दिसेल. मुलांनाही दाखवा, विज्ञानाच्या प्रयोगवहीत लिहिण्यासारखे आहे.

इटलीतील डॉक्टर लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तरतरीत झाली. हे वाचताना आपल्याकडची संध्याकाळची दिवेलागण आठवते. देवापुढे बसून एका श्वासात एक ओळ अशा लयीत स्तोत्र म्हणणारी आजी दुसरे काय करत होती? फक्त तिच्याकडे स्टॉपवॉच नव्हते.

परिणाम किती मोठा, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२३ साली बारा चाचण्यांचा, मिळून ७८५ प्रौढांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. श्वासाच्या सरावाने लोकांना जाणवणारा ताण कमी होतो, पण तो लहान ते मध्यम प्रमाणात, असे त्यात दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मंडळींनी शंभराहून थोड्या अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात, रोज फक्त पाच मिनिटे, महिनाभर, लांब निःश्वास सोडण्याचा सराव करणाऱ्यांची मनःस्थिती चांगलीच सुधारली. चमत्कार नाही. पण पाच मिनिटांच्या, फुकटच्या उपायाला हे फळ कमी नाही.

हिशोबनिसाच्या कचेरीतले ध्यान

श्वास हुकमात चालवणे हा प्राणायामाचा मार्ग. श्वासाला हातही न लावता, तो जसा येतो-जातो तसा नुसता पाहणे, हा दुसरा मार्ग. विपश्यनेची सुरुवात या 'आनापान' सरावाने होते. आपल्या इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून सुरू आहे आणि तिथली दहा दिवसांची शिबिरे अनेकांना माहीत आहेत. पण या परंपरेचा कचेरीशी असलेला संबंध फारसा कोणाला ठाऊक नसतो.

सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ सालचा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. म्हणजे तेही आपल्यासारखेच परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबातले. उद्योगधंदा मोठा, आणि जोडीला असह्य अर्धशिशी. १९५५ साली ते ज्यांच्याकडे ध्यान शिकायला गेले ते सयाजी ऊ बा खिन कोणी संन्यासी नव्हते. ते ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते! फायली, हिशोब, तपासण्या यांच्या धबडग्यात राहून ते ध्यान करत आणि आपल्या कचेरीतल्या माणसांनाही शिकवत. गोयंका १९६९ साली भारतात आले आणि २०१३ साली निधन होईपर्यंत शिकवत राहिले. 'आम्हाला ध्यानाला वेळ कुठे?' असे म्हणणाऱ्यांनी त्या महालेखापालांना जरूर आठवावे.

आणि हे सगळे इथल्या मातीला परके आहे असेही नाही. कुवेतच्या शैखा अली अल-जाबेर अल-सबाह यांनी इथे 'दारात्मा' हा परवानाप्राप्त योग स्टुडिओ सुरू केला, आणि भारत सरकारने २०२५ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. श्वास मोजायला मंत्र लागत नाही, जातधर्म लागत नाही. शेजारच्या टेबलावरचा इजिप्शियन किंवा फिलिपिनो सहकारीही तो मोजू शकतो.

करायचे कसे

१. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसा. खांदे सैल सोडा. एक हात पोटावर ठेवला तर पोट वर येते की नाही ते समजेल.

२. नाकाने, मनात चार मोजेपर्यंत, सावकाश श्वास आत घ्या. फुप्फुसे ठासून भरू नका.

३. नाकानेच, सहा मोजेपर्यंत सोडा. सेकंदाला एक आकडा या वेगाने मिनिटाला सहा श्वास होतात.

४. चार-सहा जमत नसेल तर तीन-चारपासून सुरुवात करा. श्वास रोखण्याची गरज नाही. गुदमरल्यासारखे वाटले तर नेहमीसारखा श्वास घ्या.

५. मन भरकटेल. पगार, शाळेची फी, भारतातल्या फ्लॅटचा हप्ता, सगळे डोळ्यांपुढे येईल. लक्षात आले की पुन्हा एकपासून मोजा. सराव तो एवढाच.

वेळा ठरवलेल्या बऱ्या. एक, सकाळी कामावर पोचल्यावर, संगणक सुरू करण्यापूर्वी. दोन, दुपारच्या सुट्टीत. २०१० सालच्या सहा क्रमांकाच्या कामगार कायद्याप्रमाणे खाजगी क्षेत्रात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, मध्ये किमान एक तासाची सुट्टी द्यावी लागते. त्या तासातली पाच मिनिटे श्वासाला द्या. तीन, घरी पोचल्यावर, दाराची बेल वाजवण्यापूर्वी. ही तिसरी वेळ सर्वांत महत्त्वाची. पाचव्या रिंग रोडवरचा राग घरातल्या सहा वर्षांच्या मुलावर निघू नये.

घरी असणाऱ्या भगिनींनाही हेच लागू. नोकरी नाही म्हणून ताण नाही, असे कोणी समजू नये. पती कामावर, मुले शाळेत, नातलग समुद्रापलीकडे आणि बाहेर पन्नास अंशांचे ऊन, अशी दुपार एकटीने काढणे सोपे नसते. शिफ्ट ड्यूटी करणाऱ्या परिचारिकांनी रात्रीच्या पाळीनंतर झोपण्यापूर्वी करून पाहावे.

सावधगिरी

गाडी चालवताना डोळे मिटण्याचे किंवा मोजण्यात गुंगण्याचे प्रयोग नकोत. तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन आणि एसी चालू ठेवून बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तेल आणि रसायनांच्या प्लांटवर काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको: गॅसचा अलार्म झाला की श्वासोच्छ्वासाचे व्यायाम नव्हेत, शिकवल्याप्रमाणे बाहेर पडायचे. हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर वास घेण्याची शक्तीच बधिर होते, तेव्हा 'आता वास येत नाही' यावर विसंबू नये.

कपालभाती, भस्त्रिका हे जोराचे प्रकार. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि जाणकार शिक्षकाशिवाय करू नयेत. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. घाबरून श्वास फुलला की तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय आता सांगितला जात नाही. खरा दम्याचा किंवा हृदयाचा झटका असला तर तो जिवावर बेतेल. छातीत दुखणे, घाम फुटणे, जबडा किंवा हात दुखणे असे झाले तर 'टेन्शन असेल' म्हणून श्वास मोजत बसू नका, ११२ ला फोन करा.

श्वासाने जे होत नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या अतिताणाने येणाऱ्या थकव्याची, म्हणजे बर्नआउटची, व्याख्या केली. तो व्यक्तीचा आजार नसून कामाशी निगडित घटना आहे, असे तीत म्हटले आहे. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण हल्ली कंपन्या 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चे वर्ग घेतात, आणि ऐकणाऱ्याला वाटू लागते, की दोष आपल्या मनाचाच.

चार महिन्यांचा पगार थकला असेल, आठवड्याच्या ४८ तासांवर रोज बिनमोबदल्याचे तास लादले जात असतील, पासपोर्ट कोणी काढून घेतला असेल, तर तो प्राणायामाचा विषय नाही. तो मनुष्यबळ प्राधिकरणाकडे किंवा आपल्या दूतावासाकडे नेण्याचा विषय आहे. झोप उडणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यात कसलीही लाज नाही. मधुमेह लपवत नाही, मग हे का लपवावे?

श्वासाचा उपयोग आहे तो ही पावले नीट टाकण्यासाठी. तक्रार करायचीच असेल तर ती शांत डोक्याने, तारीखवार, कागदपत्रांसह केलेली टिकते. भर मीटिंगमध्ये आवाज चढवून केलेली आपल्यावरच उलटते. राजीनामा द्यायचाच असेल तर तो पुढची नोकरी, मुलांचे शाळेचे वर्ष आणि देणी यांचा हिशोब मांडून द्यावा, दुपारी सव्वा दोनला तडकून नव्हे. संथ श्वासाची पाच मिनिटे साहेबाला बदलत नाहीत. पण उत्तर द्यायचे, गप्प राहायचे की दार ठोठावायचे, हे आपले आपण ठरवण्याइतकी उसंत देतात. एका खुंटीला सगळे घर टांगून राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती उसंत फार मोलाची आहे.

तेव्हा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आजपासून पंधरा दिवस, सराव झाला त्या दिवशी एक बारीक फुली मारा. शक्य असेल त्यांनी सराव सुरू करण्याआधीची आणि नंतरची नाडीही लिहून ठेवा. पुढच्या कार्यक्रमाला भेटू तेव्हा कागद घेऊन या, खिचडी-कढीच्या पंगतीत आकडे ताडून पाहू. आणि आजोबांना निराश करू नका. त्यांना एवढेच सांगा, की प्राणायाम चालू आहे, फक्त ऑक्सिजनचे बिल येत नाही.